पलीकडून वाचणारी

नूकाकूच्या नातीला महिना पूर्ण झाला, जुन्या चांद्र पंचांगात ते कुत्र्याचे वर्ष होते. नव्या कॅलेंडरात १९४६. आदल्या वर्षीच्या दुष्काळानंतर वाडीत जन्मलेले आणि महिनाभर जगलेले ते पहिलेच मूल. म्हणून सोहळा केवढाही लहान झाला तरी करायचाच, असे नूकाकूने ठरवले होते. चिकट तांदूळ हवा होता, सुपाऱ्या आणि विड्याची पाने हवी होती. बदकाची अंडी कोंड्यात रचून, दोन टोपल्यांची कावड खांद्यावर घेऊन ती उजाडता उजाडता बाजाराला निघाली, आणि बाजाराच्या तोंडाशी एक बांबूची काठी तिच्यासमोर आडवी झाली.

"थांबा काकू. आधी वाचा."

काठी ख्वातच्या हातात होती. दोन वर्षांपूर्वी हाच ख्वात दुसऱ्याच्या म्हशी वळायचा, आणि नूकाकूच्या परसातली केळी काढताना एकदा सापडला होता. आता त्याच्या दंडाला लाल फडके होते. त्याच्यामागे नारळाच्या झावळ्यांची कमान उभी केली होती आणि कमानीला काळे फासलेले सूप टांगले होते. सुपावर चुन्याने काहीतरी लिहिले होते.

"काय वाचू?"

"सुपावर आहे ते. वाचता येतं त्यांना ही कमान. येत नाही त्यांनी तिकडून जायचं." त्याने काठीने दाखवले. चरीच्या काठाला बांबूच्या कुंपणात एक बुटके भोक पाडले होते. आत घोटाभर चिखल. भोकावर फळी ठोकली होती.

"त्या फळीवर काय लिहिलंय?"

"आंधळ्यांचं दार," ख्वात म्हणाला, आणि जरा खाली बघून पुढे म्हणाला, "मी नाही म्हणत हो. वरून हुकूम आहे. अक्षर येत नाही तो आंधळा."

"तुझी आई कुठून जाते रे?"

मागे कावडी घेऊन थांबलेल्या बायका हसल्या. ख्वातचे कान लाल झाले. "आई आज आलीच नाही."

"शहाणी आहे." नूकाकूने एक अंडे उचलून उजेडासमोर धरले. "यात पिल्लू धरलंय की नाही, सांग बघू. तुला नाही दिसत. मला दिसतं. आणि आंधळी मी. एक्कावन्न वर्षांची झाले, त्या भोकातून वाकून नाही जायची."

"मग आत कशा जाणार?"

"नाही जायची." तिने कावड उतरवली, कमानीच्या बरोबर समोर बैठक मारली आणि टोपल्यांवरचे फडके काढले.

"काकू, बाजार आत आहे."

"माणसं जिथून जातात तिथं बाजार. सरक, गिऱ्हाइकाला दिसू दे."

अंडी त्या दिवशी तिथेच संपली. चिकट तांदूळ मात्र शेजारणीकडून मागवावा लागला. घरी परतताना तिने कुंपणाच्या फटीतून आत पाहिले. काटेसावरीच्या झाडाखालची जागा, जिथे ती बावीस वर्षे बसत आली होती, तिथे हेन नावाची गोगलगाई विकणारी बाई पसरून बसली होती. हेन वाचून आत गेली होती म्हणे. नूकाकूला रात्रभर तीच जागा दिसत राहिली.

बाजार दर पाचव्या दिवशी भरायचा. पुढच्या बाजाराला ती पुन्हा कमानीसमोर बसली. तिसऱ्या बाजाराला नव्या सरकारच्या गावसमितीचा माणूस आला, रस्ता अडवू नका म्हणाला, आणि तिला चरीच्या पलीकडे बसवले. तिथे गिऱ्हाईक फिरकत नव्हते. अर्धी अंडी परत घरी आली. सून लुआ बाळंतपणातून नुकती उठलेली. ती म्हणाली, "आई, त्या दारातून जायला काय होतं? पाय धुतले की झालं."

"पाय धुता येतात," नूकाकू म्हणाली. "तेवढंच धुता येतं."

*

वाडीतला अक्षरओळखीचा वर्ग उयेन घ्यायची. उयेन वैद्याची मुलगी, एकोणीस वर्षांची. शहरात मामाकडे राहून चार इयत्ता शिकली होती. संध्याकाळी गावदेवळाच्या अंगणात एरंडेलाच्या दिव्यापाशी पंचवीस माणसे बसायची. फळा नव्हता, पाट्या नव्हत्या. केळीच्या पानावर काडीने लिहायचे, विटेच्या तुकड्याने भिंतीवर लिहायचे. म्हशींच्या पाठीवर चुन्याची अक्षरे काढून त्या रस्त्याने फिरवायचे, म्हणजे समोरून येणाऱ्याने वाचावे. लावणीच्या वेळी पुढच्या बाईच्या पाठीला अक्षर डकवलेले असायचे. मागची बाई रोप खोचता खोचता ते घोकायची. नूकाकू मात्र कधी वर्गाला गेली नाही. संध्याकाळी बदके आत घ्यायची असतात, हे तिचे कारण. खरे कारण असे की तिथे हेन पुढे बसायची.

एका दुपारी उयेनच तिच्याकडे आली. नूकाकू परसातल्या झाडाखाली जमिनीवर चौकटी आखून एकटीच खडे खेळत बसली होती. अंमलदार खाण्याचा खेळ: दोन्ही बाजूंना पाच-पाच घरे, प्रत्येक घरात पाच खडे, ती रयत, दोन टोकांना एकेक मोठा दगड, ते अंमलदार. एका घरातले खडे उचलायचे, पुढच्या घरांतून एकेक पेरत जायचे, आणि पेरणी संपून पुढचे घर रिकामे निघाले तर त्याच्या पुढचे सगळे आपले. रयत पेरता पेरता शेवटी अंमलदार गिळायचा. या खेळात नूकाकूला सात वाड्यांत कुणी हरवले नव्हते.

"काकू, तुम्ही वर्गाला का येत नाही?"

"तू शिकवायला आलीस की चौकशीला?"

"शिकवायला."

"मग बस. आधी मला हरव."

उयेन समोर बसली. कोणते घर उचलले तर पेरणी कुठे संपेल, हे तिला एकेक बोट दुमडून मोजावे लागत होते. मोजून होईपर्यंत नूकाकूने विडा लावला, चघळला, थुंकला. तीन डावांत उयेनचा एक अंमलदारसुद्धा वाचला नाही.

"चार इयत्ता शिकलीस ना गं? तिथं मोजायला शिकवत नाहीत?"

"शिकवतात. इतकं भरभर नाही." उयेन हसली. मग तिने काडी उचलली. "आता माझी पाळी. एक डाव, एक अक्षर. आहे कबूल?"

नूकाकूने आधी आजूबाजूला पाहिले. "वर्गात कुणाला सांगायचं नाही."

"नाही सांगत."

असे ते सुरू झाले. रोज दुपारी, बदके ओढ्यावर असताना. मध्ये चौकटी, अलीकडे नूकाकू, पलीकडे उयेन. डाव संपला की उयेन आपल्या पायापाशी धुळीत एक अक्षर काढायची, आणि नूकाकूने ते पुन्हा काढायचे. खडे ज्या बोटांतून पाण्यासारखे सुटायचे, तीच बोटे काडी धरली की लाकडाची व्हायची. काल आलेले अक्षर आज पाहुण्यासारखे तोंड फिरवून बसायचे. आठव्या दिवशी तिने काडी मोडून फेकली.

"जमत नाही मला. डोकं वाळलं. तू जा."

उयेन गेली नाही. तिने एक घर उचलले, खडे पेरले, नूकाकूची सात रयत उचलली आणि ओंजळ पुढे केली.

नूकाकूने चमकून पाहिले. "आत्ता तू बोटं मोजली नाहीस."

"नाही मोजली."

"कधीपासून?"

उयेनने आठवून पाहिले. "कळलंच नाही, काकू. परवापर्यंत मोजत होते. आता घराकडे बघितलं की पेरणी कुठं संपणार ते दिसतं."

नूकाकूला आपले लहानपण आठवले. आजीसमोर बसून ती असेच एकेक बोट दुमडायची, आणि आजी म्हणायची, मोज पोरी, मोज, एक दिवस मोजणी आपोआप पळून जाईल. ती कुठे पळून गेली ते तिलाही कधी कळले नव्हते. तिने वाकून मोडलेल्या काडीचा मोठा तुकडा उचलला.

"कालचं अक्षर काढ."

पुढे तीन आठवड्यांत सगळी अक्षरे झाली, मग अक्षरांच्या डोक्यावरच्या आणि पायाखालच्या खुणा, मग शब्द. भात, बदक, पाणी, नू. उयेनने धुळीत लिहायचे, नूकाकूने बोट न लावता वाचायचे. उयेन म्हणाली, "काकू, परवा बाजार आहे."

"ठाऊक आहे," नूकाकू म्हणाली.

*

त्या दिवशी तिने धुतलेला काळा घागरा नेसला, डोक्याला नवे फडके गुंडाळले. कमानीपाशी गर्दी होती. एकेक जण सुपासमोर उभा राहून घडाघडा म्हणत होता, "एक होऊ, अक्षर शिकू, देश राखू," आणि ख्वात काठी वर करत होता. नूकाकूची पाळी आली.

"काकू, चरीपलीकडे बसा की. कशाला उगाच."

"वाचते मी."

हेनसुद्धा काटेसावरीखालून उठून बघायला आली. नूकाकूने सुपाकडे मान वर केली. सुपावरचे एकही अक्षर तिच्या ओळखीचे नव्हते. काही रेघा ओळखीच्या वाटायच्या आणि लगेच परक्या व्हायच्या. खुणा डोक्यावर हव्या तिथे पायाशी होत्या, ठिपके पायाशी हवे तिथे डोक्यावर. तिला वाटले, उयेनने फसवले. मग वाटले, डोके खरेच वाळले.

"बघा, म्हटलं होतं ना," ख्वात म्हणाला. आवाजात दुष्टपणा नव्हता. तेच तिला जास्त लागले. "जा काकू, तिकडून जा. आज चिखल कमी आहे."

तिने भोकाकडे पाहिले, सुपाकडे पाहिले. मान एका खांद्यावर टाकून पाहिली, आणि एक अक्षर क्षणभर ओळखीचे हसले. तेव्हा तिला कळले. गेला दीड महिना ती सगळी अक्षरे चौकटीच्या पलीकडून बघत होती. उयेन स्वतःच्या पायापाशी लिहायची, आणि नूकाकू पुढे झुकून समोर दिसे तसेच काढायची. उयेनला ते बरोबर दिसायचे. नूकाकू सगळी भाषा डोक्यावर उभी असलेली शिकली होती.

तिने कावड खाली ठेवली. सुपाकडे पाठ फिरवली. घागरा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत आवरला, पाय फाकले, आणि एक्कावन्न वर्षांची ती बाई सगळ्या बाजारासमोर कमरेत वाकून, आपल्याच पायांमधून सुपाकडे बघू लागली.

एवढा हशा त्या बाजारात दुष्काळाआधीही झाला नव्हता. कुणाच्या तरी कावडीतली कोंबडी ओरडत सुटली. ख्वात म्हणाला, "अहो काकू, हे काय, इकडे तोंड करा."

"थोबाड बंद ठेव. वाचतेय."

आणि तिने वाचले. एकेक शब्द, खडा पेरावा तसा. "परवा... नदीच्या... बांधाला... माती... घालायची. घरटी... एक... माणूस."

"चूक," ख्वात म्हणाला. तो सुटल्यासारखा दिसत होता. "चूक आहे. 'एक होऊ, अक्षर शिकू' असं आहे. सकाळपासून सगळ्यांनी तेच वाचलं."

"सगळ्यांनी काय वाचलं ते मला माहीत नाही. सुपावर बांधाचं लिहिलंय." तिचा आवाज घागऱ्यातून येत होता.

बाचाबाची ऐकून उयेन आतून धावत आली. तिने सुपाकडे पाहिले, वाकलेल्या नूकाकूकडे पाहिले, आणि तोंडावर हात ठेवला.

"ख्वातदादा, मी आज पहाटे मजकूर बदलला. समितीनं बांधाची सूचना लिहायला सांगितली होती. तुम्हाला निरोप नाही मिळाला?"

ख्वातच्या हातातली काठी हळूहळू खाली आली. सकाळपासून साठ-सत्तर माणसे कमानीतून गेली होती. सगळ्यांनी गेल्या बाजारचे पाठ केलेले म्हटले होते, आणि ख्वातने ते बरोबर मानले होते. परवा बांधावर कुणी गेलेच नसते.

नूकाकू सरळ झाली. चेहरा लाल, फडके सुटलेले. "त्या सगळ्यांना बोलाव बाहेर. आणि त्या भोकातून परत आत घाल. हेनला पहिली."

मग ती ख्वातकडे वळली.

"आणि तू रे? तू कुठल्या दारातून घरी जाणार?"

ख्वातने काठी कुंपणाला टेकवून ठेवली, वाकून तिची कावड उचलली आणि स्वतःच्या खांद्यावर घेऊन कमानीतून आत चालू लागला. नूकाकू मागून गेली. मान ताठ ठेवून. काटेसावरीखाली हेनने आपल्या टोपल्या एका बाजूला ओढून घेतल्या.

त्या दुपारी उयेन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "माझीच चूक, काकू. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा? तेवढं सगळं?"

"तेवढं सगळं."

उयेन उठून चौकटीला वळसा घालून तिच्या शेजारी, एकाच बाजूला बसली. या वेळी नऊ दिवस पुरले. दहाव्या दिवसापासून ख्वातही येऊन बसला, कारण पाठ केलेले त्यालाही पुरत नव्हते. पुढे सुपावरचा मजकूर लांबत गेला. दोन ओळींचा चार ओळींचा झाला, नावे आली, आकडे आले. नूकाकू कावडीसकट चालत चालत वाचायची, पाय न थांबवता, आणि बाजारात शिरेपर्यंत विसरूनही जायची.

*

वाघाच्या वर्षी, १९५० च्या सुरुवातीला, फ्रेंच फौज त्रा ली नदीच्या अलीकडे आली. कमान जळाली. बाजाराच्या जागी विटांची चौकी उभी राहिली. काटेसावर तोडून तिची फळी चौकीच्या दाराला लावली. नूकाकूचा मुलगा दक्षिणेत लढायला गेलेला, तो मेल्याची बातमी फौजेच्या आधीच आली होती. वर्ग बंद झाले, कारण वाचता येते तो माणूस डोंगरात लपून लढणाऱ्यांचा, असे चौकीवाले धरून चालत. एका रात्रीत सगळी वाडी पुन्हा आंधळी झाली. विचारले की जो तो मान हलवायचा: नाही साहेब, येत नाही.

नूकाकूला तेवढे वाक्य म्हणता येत नव्हते. कुणी विचारू नये एवढीच तिची तजवीज.

चौकीला दर आठवड्याला साठ अंडी द्यावी लागत. ती टेबलासमोर उभी राहायची, कारकून लुओंग अंडी मोजून घ्यायचा आणि वहीत तिचा अंगठा उमटवून घ्यायचा. लुओंग शहरातला, अंगावर इस्त्रीचा सदरा, बोटांना शाई. त्या दिवशी तो एका कागदावर लिहीत होता. नूकाकू आली तेव्हा त्याने कागद झाकला नाही. अंडेवाल्या म्हातारीपासून कशाला झाकायचा. तो तसाच कागद कोपराशी सारून अंडी मोजू लागला.

टेबल मध्ये. पलीकडे लुओंग. अलीकडे नूकाकू. कागद तिच्याकडून उलटा.

पहिल्यांदा तिला रेघांचा गुंता दिसला. चार वर्षांत उलटे वाचण्याची सवय पार मोडली होती. तिने डोळे मिटले, झाडाखालच्या चौकटी आठवल्या, धुळीचा वास आठवला, समोर उयेनची बोटे. डोळे उघडले. लुओंगची शेवटची ओळ तिला तिच्याकडून सगळ्यात वर दिसत होती. अक्षरे एकेक करून पायावर उभी राहिली. 'उद्या पहाटे धरायचे.' त्याखाली एक नाव, ते ख्वातचे. त्याखाली दुसरे, नदीकाठच्या सुताराचे. सगळ्यात खाली, तिच्या अगदी जवळ, उयेनचे.

"काय बघतेस गं?" लुओंग म्हणाला.

"तुमच्या बाहीला शाई लागलीय, साहेब. पांढऱ्यावरनं निघत नाही ती. आंबट पिळायला सांगा घरी."

लुओंगने बाही पाहिली, पुन्हा तिच्याकडे पाहिले. "वाचता येतं का तुला?"

कमानीसमोर बसली होती तेव्हा तिला हेच विचारले गेले होते. तेव्हा इतरांसारखे पाठ केलेले म्हणून, खोटे बोलून, तिला आत जाता आले असते. आता खरे बोलली असती तर चौकीच्या आतच अडकली असती.

"आंधळी आहे मी, साहेब," नूकाकू म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.

घरी न जाता ती सरळ शेतावर गेली. बायका ओळीने लावणी करत होत्या. नूकाकू घागरा खोचून चिखलात उतरली, उयेनच्या शेजारची जागा धरली, रोपांची जुडी घेतली आणि वाकून खोचू लागली.

"पोरी, वर बघू नकोस. उद्या पहाटे तुला धरायला येणार आहेत. ख्वातला आणि सुताराला पण. दुपारच्या आत नदी ओलांडा."

उयेनचे हात थांबले नाहीत. "कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? वाचलं."

"चौकीत? कुठून वाचलं?"

"पलीकडून."

उयेनने दोन रोपे खोचली. "काकू, नक्की ना? तिघांच्या घरादाराचा प्रश्न आहे."

"उलटं वाचताना मी कधी चुकलेय?"

दुपारच्या आत तिघेही नदीपार गेले. पहाटे चौकीवाल्यांना तीन रिकाम्या खोपट्या सापडल्या.

दोन दिवसांनी सगळ्या वाडीला देवळाच्या अंगणात उभे केले. कुणीतरी यादी वाचली होती, आणि ज्याने वाचली त्याला वाचता येत असणार, एवढे लुओंगला कळत होते. त्याच्याकडे वर्गाचे जुने हजेरीपुस्तक सापडले होते. नाव वाचले की डावीकडे, नसेल तर उजवीकडे. डावीकडे अकरा माणसे गेली. त्यांत हेन होती, लुआ होती. लुआच्या कडेवर चार वर्षांची स्वान, जिच्या महिन्याच्या सोहळ्यासाठी चिकट तांदूळ शेजारणीने आणला होता. अकरा जणांना चौकीत नेणार होते, कुणी कबूल होईपर्यंत.

नूकाकूचे नाव पुस्तकात नव्हते. ती कधी वर्गाला गेलीच नव्हती.

"तू उजवीकडे, म्हातारे," लुओंग म्हणाला. "आंधळ्यांकडे."

नूकाकू निघाली. दोन पावले उजवीकडे गेली. मग थांबली, वळली, आणि डावीकडे जाऊन लुआच्या पुढे उभी राहिली.

"चुकलीस. तिकडे."

"चुकले नाही."

"आजी, ऐकू येत नाही का? इकडे वाचणारे आहेत."

"म्हणूनच आले." तिने लुओंगच्या बाहीकडे बोट केले. डाग तसाच होता. "उद्या पहाटे. ख्वात. सुतार थीन. वैद्याची उयेन. तुम्ही वरून खाली लिहिलं होतं. मी खालून वर वाचलं. या अकरा जणांना त्यातलं काही माहीत नाही. सोडा त्यांना."

लुओंगचा चेहरा पांढरा पडला होता. यादी स्वतः त्यानेच टेबलावर, एका अंडेवालीच्या नाकासमोर उघडी ठेवली होती, आणि आता हे मागे उभ्या असलेल्या त्याच्या साहेबाने ऐकले होते.

अकरा जणांना सोडले. नूकाकूला चार महिने चौकीत ठेवले. परत आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटे मुठीत वळलेली होती, ती पुढे कधी सरळ झाली नाहीत. काय झाले ते तिने सांगितले नाही, आणि लुआने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने झाडाखाली चौकटी आखल्या, स्वानला समोर बसवले आणि डाव्या हाताने खडे उचलले. खडे सांडले. गोळा केले, पुन्हा उचलले, पुन्हा सांडले. स्वान हसायला लागली, तर म्हणाली, "हस, पोरी. आत्ताच हसून घे."

दोन महिने खडे सांडत राहिले. मग सांडेनासे झाले. त्याच हिवाळ्यात ती डाव्या हाताने काडी धरायला लागली. स्वानला अक्षरे तिनेच शिकवली, पण समोर बसून नाही. एकाच बाजूला, शेजारी बसून.

उयेन १९५३ च्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या दवाखान्यात तापाने वारली. ती सव्वीस वर्षांची होती. नूकाकू माकडाच्या वर्षी, १९६८ च्या आठव्या चांद्रमहिन्यात, दुपारी झाडाखाली वारली. त्र्याहत्तर वर्षांची होती. समोरच्या चौकटींत डाव अर्धा मांडलेला होता, आणि तिच्या बाजूचा अंमलदार अजून जागेवर होता.